दहा पाउंडांची वाट

हातात घाईचं काही काम असेल तर ते आधी उरका आणि मग हे वाचायला घ्या. वाचताना मध्येमध्ये थांबावं लागेल. पाठ टेकून बसा, पाय जमिनीला लागू द्या, खांदे सैल सोडा. दोन्ही हात मांडीवर ठेवा आणि बोटं हळूच मिटून घ्या. अंगठा आत दाबू नका, बाहेरच राहू द्या. मूठ कशी वळायची हे शिकवताना ही गोष्ट आधी सांगतात, कारण आत अडकलेला अंगठा ठोसा बसताक्षणी मोडू शकतो. मूठ घट्ट आवळायचीही गरज नाही. आज तिच्याकडे फक्त बघायचं आहे.

आता एक वजन मनात धरा. 105 पाउंड, म्हणजे साधारण 47.6 किलो. शाळेतल्या मुलाचं असावं असं हे वजन एका पूर्ण वाढलेल्या पुरुषाचं आहे. त्याची उंची जेमतेम सव्वापाच फूट. पुरुषांच्या व्यावसायिक मुष्टियुद्धात याच्या खाली गट नाही. याला मिनिममवेट म्हणतात. निकाराग्वाची राजधानी मानाग्वा इथला रोमान गोन्सालेस या गटातून निघाला आणि आठ वर्षांत चौथ्या गटात, 115 पाउंडांवर पोहोचला, सुमारे 52.2 किलोंवर. सगळा चढ दहा पाउंडांचा, साडेचार किलोंचा.

पाच किलो पिठाची पिशवी आपण दुकानातून सहज उचलून आणतो. तिच्यातून अर्धा किलो पीठ काढून ठेवा आणि उरलेली पिशवी मनातल्या मनात हातावर तोलून बघा. काही क्षण तशीच धरून ठेवा. एका माणसाच्या कारकिर्दीचा सगळा चढ एवढ्याशा वजनात मावला होता. पुढचं सगळं मनन याच पिशवीवर करायचं आहे, तेव्हा ती लगेच खाली ठेवू नका.

मुष्टियुद्धात खालच्या टोकाला गट किती जवळजवळ आहेत ते पाहा. 105, 108, 112, 115, 118, 122, 126. तीन पाउंड, चार पाउंड, पुन्हा तीन. वरच्या टोकाला मात्र हेवीवेटला मर्यादाच नाही. तिथे एकजण प्रतिस्पर्ध्यापेक्षा वीस किलोंनी जड असला तरी लढत नियमात बसते. ज्याचं सगळं शरीरच पन्नास किलोंचं, त्याच्या बाबतीत दोन किलो म्हणजे शंभरातले चार भाग. त्या चार भागांत समोरच्याच्या ठोशाचा जोर बदलतो, मिठी मारून रेलण्याची ताकद बदलते आणि बरगडीवर बसलेल्या माराचा परिणामही बदलतो. आपल्याकडच्या तालमीत जोड लावताना वस्ताद आधी दोघांकडे नजरेनं बघून घेतात. इथे ते काम काटा करतो, आणि तो फार बारीक तोलतो.

हे गट मुळात होतेच असं नाही. 108 पाउंडांचा गट 1975 मध्ये आला आणि 105 चा 1987 मध्ये. त्याआधी 48 किलोंचा माणूस कितीही कसबी असला तरी त्याला स्वतःपेक्षा थोराड माणसांशीच लढावं लागे, नाहीतर खेळ सोडावा लागे. गोन्सालेसचा जन्मही 1987 चाच. ज्या दारातून तो पुढे जगात शिरला, ते दार त्याच्या जन्माच्या वर्षी बसवलं गेलं. यावर मी पुष्कळदा विचार केला आहे. कोणीतरी नियमावलीत एक ओळ वाढवतं आणि दूरच्या गावातल्या, अजून पाळण्यात असलेल्या मुलाला त्याच्या मापाची जागा मिळते. तुमच्या स्वतःच्या आयुष्यातलं असं एखादं दार आठवा. कदाचित ती शिष्यवृत्ती असेल, गावात नव्यानं सुरू झालेली एखादी शाळा असेल, किंवा तुमच्या आधी कोणीतरी भांडून मिळवलेली सवलत. ते दार बसवणाऱ्याचं नाव आपल्याला बहुधा माहीत नसतं. त्या अनोळखी माणसाजवळ थोडा वेळ थांबा.

सप्टेंबर 2008 मध्ये जपानमधल्या योकोहामात, वयाच्या एकविसाव्या वर्षी, गोन्सालेसनं युताका नीदाला चौथ्या फेरीत थांबवून 105 पाउंडांचा, डब्ल्यूबीए या मुष्टियुद्ध संस्थेचा जागतिक किताब घेतला. पिशवी अजून रिकामी होती.

आता त्याच्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे वळू.

अलेक्सिस अर्ग्वेयो. मानाग्वाचेच, जन्म 1952 चा. अंगानं उंच, सडपातळ, आणि उजव्या हातात असा जोर की त्या देशातल्या लोकांना अजूनही त्यांचा अभिमान वाटतो. नोव्हेंबर 1974 मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या इंगलवूडमध्ये, द फोरम या सभागृहात त्यांनी रुबेन ओलिवारेसला तेराव्या फेरीत पाडून फेदरवेटचा जागतिक किताब जिंकला. 1978 मध्ये अल्फ्रेदो एस्कालेराला हरवून दुसऱ्या गटाचा. 1981 मध्ये लंडनमध्ये जिम वॉटला हरवून तिसऱ्या गटाचा. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांनी रे मॅन्सिनी या तरुण मुलाला चौदाव्या फेरीत थांबवलं आणि लढत संपल्यावर कॅमेऱ्यांसमोरच त्याच्याजवळ जाऊन त्याची समजूत काढली, त्याच्या वडिलांची आपुलकीनं विचारपूस केली. मुष्टियुद्ध पाहणारे लोक तो प्रसंग आजही सांगतात. जिंकल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात माणूस काय करतो, याची माझ्या मनातली मोजपट्टी तोच प्रसंग आहे.

तीन गट झाले. आता चौथा. 12 नोव्हेंबर 1982 रोजी मायामीत अर्ग्वेयो 140 पाउंडांच्या गटात अॅरन प्रायरसमोर उभे राहिले. चौदाव्या फेरीत दोरांजवळ त्यांच्यावर ठोशांचा असा मारा झाला की पंचांना मध्ये पडावं लागलं. पुढच्या वर्षी पुन्हा प्रयत्न केला आणि दहाव्या फेरीत हरले. मोजणी तीनवर थांबली.

इथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. मायामीतल्या त्या रात्रीच्या दुसऱ्याच दिवशी, 13 नोव्हेंबरला, लास वेगासमध्ये लाइटवेट गटाची लढत झाली. एका बाजूला तोच रे मॅन्सिनी, दुसऱ्या बाजूला कोरियाचा किम दुक-कू. चौदाव्या फेरीत किम कोसळला आणि काही दिवसांत मेंदूच्या दुखापतीनं त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर डब्ल्यूबीसी या दुसऱ्या संस्थेनं जागतिक किताबाच्या लढती पंधरा फेऱ्यांवरून बारावर आणल्या आणि कालांतरानं बाकीच्या संस्थांनीही तेच केलं. म्हणजे गोन्सालेस आयुष्यभर ज्या बारा फेऱ्या लढला, त्या बारा का आहेत याचं उत्तर एका मरण पावलेल्या तरुणाकडे जातं. हा खेळ मला प्रिय आहे आणि तो डोक्यावर आघात करतो, हेही मला माहीत आहे. या दोन्ही गोष्टी मी एकत्र धरून बसतो, त्यांचा मेळ मला घालता आलेला नाही आणि घालायचाही नाही. तुम्हालाही जमेल तर त्या तशाच शेजारी शेजारी ठेवा. मनन म्हटलं की सगळं शांत आणि सुंदरच असलं पाहिजे असं नाही. किमच्या नावाजवळ एक दीर्घ श्वास घ्या आणि तो सावकाश सोडा.

अर्ग्वेयो नंतर मानाग्वातल्या मुलांना शिकवत. चोकोलातितो या लाडक्या नावानं ओळखला जाणारा गोन्सालेस त्या मुलांतला एक. अर्ग्वेयोंचं ऋण तो पुढे उघडपणे मानत आला. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये निकाराग्वाचा ध्वज अर्ग्वेयोंच्या हातात होता. त्याच वर्षी ते मानाग्वाचे महापौर म्हणून निवडून आले. 1 जुलै 2009 रोजी राहत्या घरी गोळी लागून त्यांचा मृत्यू झाला. शिष्याचा पहिला किताब त्यांना पाहता आला. पुढचा एकही नाही.

ज्यांनी तुम्हाला शिकवलं अशांपैकी एका माणसाला मनात बोलवा. आई असेल, वडील असतील, गाण्याच्या बाई असतील, वर्कशॉपमधले मिस्त्री असतील. ते कुठपर्यंत पोहोचले होते आणि त्यांची मोजणी कुठे थांबली, ते आठवा. पैशामुळे थांबली, आजारपणामुळे थांबली, की समोरचा माणूसच जास्त बळकट निघाला? उत्तर शोधायची घाई करू नका. ती थांबलेली जागा फक्त नजरेसमोर राहू द्या. आणि मग, शक्य असेल तर, स्वतःला विचारा: त्या जागेच्या पुढे पाऊल टाकताना आपल्याला काय वाटलं? आनंद, संकोच, की त्यांना मागे टाकल्याची चुटपुट?

गोन्सालेस चढत गेला. 108 पाउंडांचा गट झाला. तिथे नोव्हेंबर 2012 मध्ये लॉस एंजेलिसला त्यानं हुआन फ्रान्सिस्को एस्त्रादा नावाच्या मेक्सिकन तरुणाला बारा फेऱ्यांत गुणांवर हरवलं. हे नाव ध्यानात असू द्या. 5 सप्टेंबर 2014 रोजी टोकियोत अकिरा याएगाशीला नवव्या फेरीत थांबवून त्यानं 112 पाउंडांचा, फ्लायवेटचा, किताब घेतला. तीन गट. आता गुरू आणि शिष्य एकाच रेषेवर उभे होते.

त्या काळातली त्याची लढत कधी पाहिलीत तर एक करा. हातांकडे पाहू नका. नजर त्याच्या पायांवर ठेवा. तो उड्या मारत नाही, नाचत नाही. लहान लहान पावलं टाकत येतो, जणू समोरच्याच्या अंगणात अर्धी वीत जागा मागतो आहे, मग आणखी अर्धी. एवढा जवळ आला की समोरच्याला हात पूर्ण लांब करता येत नाही. मग त्याचे ठोसे सुरू होतात, आखूड, एकामागोमाग एक. एक डोक्याकडे, दोन बरगड्यांवर, पुन्हा एक खालून हनुवटीकडे. चार ठोसे मारून बहुतेक लढवय्ये मागे सरकतात. हा सरकत नाही. डावं पाऊल किंचित बाहेर टाकून तो त्यावरच वळतो, समोरचा जिथे त्याला शोधत असतो तिथून एक हात बाजूला जातो, आणि पुन्हा मारायला लागतो. मागे न जाता वाचण्याची ही रीत आहे. ती शिकायला वर्षं लागतात आणि तिच्यात एक धोका कायमचा असतो: तुम्ही जितके जवळ, तितका समोरचाही जवळ.

श्वासाकडेही लक्ष द्या. मुष्टियोद्धा प्रत्येक ठोशाबरोबर नाकातून किंवा दातांच्या फटीतून झटकन थोडी हवा सोडतो. पोट घट्ट होतं, ठोशाला जोर मिळतो, आणि नेमका त्याच क्षणी उलटा मार बसला तर फुप्फुसं भरलेली नसतात. तुम्हीही करून पाहा. श्वास घ्या आणि तो एकदम न सोडता चार लहान झटक्यांत सोडा. पुन्हा एकदा. आता कल्पना करा की फेरीच्या तीन मिनिटांत हे शंभर वेळा करायचं आहे, मग एक मिनिट बाकावर बसायचं, मग पुन्हा, असं बारा वेळा. आणि काटा पार करण्यासाठी आदल्या दिवसापर्यंत अंगातलं पाणीसुद्धा घटवून घेतलेलं आहे. हलक्या गटांतल्या पुष्कळ लढवय्यांची पहिली लढत काट्याशी असते. तिथे प्रेक्षक नसतात. ओठ सुकलेले, गाल आत गेलेले, आणि पाण्याची बाटली नजरेच्या टप्प्यात.

या कसबाला जगानं ओळख द्यायला वेळ लावला. मोठ्या अमेरिकन वाहिन्या हलक्या माणसांना क्वचितच दाखवत. मे 2015 मध्ये त्याच इंगलवूडच्या फोरममध्ये, गेनादी गोलोव्किनच्या लढतीआधी, गोन्सालेसला जागा मिळाली आणि त्यानं एदगार सोसाला दुसऱ्याच फेरीत संपवलं. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ब्रायन विलोरियाला नवव्या फेरीत. त्याच वर्षी फ्लॉइड मेवेदरनं निवृत्ती जाहीर केल्यावर ‘द रिंग’ मासिकानं सगळ्या वजनांत मिळून सर्वोत्तम लढवय्यांच्या यादीत गोन्सालेसला पहिला क्रमांक दिला. त्या यादीचा हेतू मला फार आवडतो. सगळ्यांची वजनं बाजूला ठेवली, फक्त कसब उरलं, तर कोण? आणि उत्तर आलं, एक्कावन्न किलोंचा माणूस.

मग चौथं पाऊल. 10 सप्टेंबर 2016, पुन्हा फोरम. समोर डब्ल्यूबीसीचा सुपर फ्लायवेट, म्हणजे 115 पाउंडांचा, विजेता कार्लोस क्वाद्रास. तो तोवर हरला नव्हता आणि अंगानं थोराड होता. बेचाळीस वर्षांपूर्वी अर्ग्वेयोंनी पहिला किताब जिंकला होता तो याच छपराखाली. बारा फेऱ्या पूर्ण झाल्या. गोन्सालेस गुणांवर जिंकला आणि निकाराग्वाला चार गटांचा पहिला विजेता मिळाला. पण त्याचा चेहरा बघा. डोळे सुजून बारीक झालेले, गालाची हाडं फुगलेली. आधीच्या विजयांनंतर तो असा कधी दिसला नव्हता. 115 पाउंडांवरच्या माणसाचे ठोसे 105 वाल्याच्या चेहऱ्यावर उमटले होते.

पिशवी आता भरली. ती पुन्हा हातावर घ्या.

दोन महिन्यांनी, नोव्हेंबर 2016 मध्ये, त्याचे प्रशिक्षक आर्नुल्फो ओबान्दो वारले. कोपऱ्यात बसून एका माणसाला पाहायची, मिनिटभराच्या विश्रांतीत दोन वाक्यांत त्याला वाट दाखवायची, हे काम ज्यांच्याकडे होतं ते गेले. यावर मी अधिक लिहीत नाही. ज्यांनी असा कोपरा गमावला आहे त्यांना ते सांगावं लागत नाही.

18 मार्च 2017. न्यूयॉर्क. 46 लढती, 46 विजय अशी पाटी घेऊन गोन्सालेस थायलंडच्या श्रीसकेत सोर रुंगविसाईसमोर उतरला. श्रीसकेतनं बँकॉकमध्ये कचरा उचलण्याचं काम केलं होतं, पहारेकऱ्याचंही. 2009 मध्ये व्यावसायिक कारकिर्दीतली पहिलीच लढत तो हरला होता, आणि ती कोणाकडून? याच अकिरा याएगाशीकडून, ज्याला गोन्सालेसनं पुढे टोकियोत थांबवलं. याएगाशीनं श्रीसकेतला हरवलं, गोन्सालेसनं याएगाशीला, आणि आता श्रीसकेत गोन्सालेससमोर. कोण कोणाहून मोठा, हे ओळीत लावून पाहा. ओळ फिरून पहिल्या जागी येते. माणसांना शिडीच्या पायऱ्यांवर उभं करून पाहायची आपली सवय इथे थोडी सैल होऊ द्या.

पहिल्याच फेरीत श्रीसकेतचा एक ठोसा गोन्सालेसच्या अंगावर बसला आणि तो खाली गेला. तिसऱ्या फेरीत डोक्याला डोकं आपटून त्याची कातडी फाटली आणि चेहऱ्यावरून रक्त वाहू लागलं. सहाव्या फेरीत डोकं लावल्याबद्दल श्रीसकेतचा एक गुण कापला गेला. तरी गोन्सालेस तसाच पुढे येत राहिला, त्याच लहान पावलांनी, रक्त पुसत. शेवटी दोन परीक्षकांनी 114-112 असा श्रीसकेतला कौल दिला, तिसऱ्यानं 113-113 अशी बरोबरी. मी स्वतः ती लढत गोन्सालेसला दिली असती आणि असं म्हणणारे पुष्कळ आहेत. पण आज आपण निकाल उलटवायला बसलेलो नाही. 46 नंतर आलेला तो एक बघायला बसलो आहोत. आयुष्यात ज्या गोष्टीत तुम्ही कधीच हरला नव्हता, तिच्यातली पहिली हार कुठली होती? ती दुसऱ्यांना दिसली, की फक्त तुम्हाला?

सहा महिन्यांनी कॅलिफोर्नियातल्या कार्सनमध्ये पुन्हा गाठ पडली. या वेळी वादाला जागाच राहिली नाही. चौथ्या फेरीत गोन्सालेस दोनदा पडला. दुसऱ्यांदा तो पाठीवर उताणा पडला आणि पंचांनी मोजायचंही थांबवलं. उठून बसायला त्याला वेळ लागला. तेव्हा कित्येकांनी लिहिलं की हा माणूस 112 पाउंडांवरच थांबायला हवा होता. चौथा गट त्याच्या हाडांना पेलणारा नव्हता. हे म्हणणं निव्वळ चूक आहे असं मला वाटत नाही. श्रीसकेतच्या ठोशांपुढे त्याची ती जवळ जाऊन लढायची रीत उघडी पडली होती. जिनं त्याला मोठं केलं, तिनंच त्याला त्या ठोशांच्या टप्प्यात नेलं.

मग प्रश्न येतो, आपल्या मापात राहावं की नाही. आपल्याकडे मेरी कोमचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. तिचे जागतिक विजय 45, 46 आणि 48 किलोंचे. 2012 मध्ये लंडनला महिलांचं मुष्टियुद्ध ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा आलं तेव्हा सर्वांत खालचा गट 51 किलोंचा ठेवला गेला. तिला आपलं माप निवडताच आलं नाही. ती तीन किलो वर जाऊन लढली आणि कांस्यपदक घेऊन आली. 2018 मध्ये दिल्लीत पुन्हा 48 किलोंत जगज्जेती झाली. कधी माप आपण ओलांडतो, कधी ते ओलांडायला लावलं जातं. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, पण आत ते सारखं नसतं. तुमच्या स्वतःच्या ओझ्यांतलं कुठलं तुम्ही उचललं आणि कुठलं तुमच्या खांद्यावर ठेवलं गेलं, ते वेगवेगळं करून पाहा. मला स्वतःला हे नीट जमत नाही, एका ओझ्याच्या खाली दुसरं सापडतं.

गोन्सालेस खाली उतरला नाही. 2018 मध्ये एक लढत, मग गुडघ्याची शस्त्रक्रिया, मग जवळजवळ सव्वा वर्ष रिंगबाहेर. बत्तीस वर्षं वय. हलक्या गटात हे वय फार असतं, कारण या माणसांचा सगळा जीव वेगात असतो आणि वेग आधी जातो. 29 फेब्रुवारी 2020 रोजी टेक्सासमधल्या फ्रिस्कोत तो डब्ल्यूबीएच्या सुपर फ्लायवेट विजेत्यासमोर, इंग्लंडच्या खालिद याफाईसमोर उभा राहिला. याफाई 26 लढतींत एकदाही हरला नव्हता. पहिल्या दोनेक फेऱ्या याफाई भराभर ठोसे मारत होता. मग ती लहान पावलं सुरू झाली. अर्धी वीत, पुन्हा अर्धी. पाचव्या-सहाव्या फेरीपर्यंत याफाईला श्वास घ्यायला जागा उरली नाही. आठव्या फेरीत तो खाली गेला, आणि नवव्यात एका उजव्या ठोशानं लढत संपली.

रीत तीच होती. 115 पाउंडही तेच. मग काय बदललं होतं? मी ही लढत पाहताना एवढंच टिपलं की तो आता प्रत्येक दारातून आत शिरत नव्हता. एखादी फेरी तो समोरच्याला हात टाकू द्यायचा, गार्डवर झेलायचा, बघायचा. घाई नव्हती. बारा वर्षांपूर्वीच्या योकोहामातला मुलगा इतका थांबला नसता. वजन त्याच्या अंगात मुरलं होतं असं म्हटलं तर ते थोडं गूढ वाटेल, पण मला दुसरे शब्द सापडत नाहीत.

आता ते ध्यानात ठेवलेलं नाव. 13 मार्च 2021 रोजी डॅलसमध्ये एस्त्रादा आणि गोन्सालेस दुसऱ्यांदा भेटले. पहिल्या भेटीत दोघेही पंचविशीच्या आतबाहेर होते, आता तिशी उलटून गेली होती. त्या रात्रीचे मोजलेले आकडे आहेत. एस्त्रादानं 1,212 ठोसे टाकले, गोन्सालेसनं 1,317. दोघांचे मिळून 2,529. छत्तीस मिनिटांत. श्वासाचे ते झटके आठवा आणि हा आकडा त्यांच्या शेजारी ठेवा. एका परीक्षकानं 115-113 गोन्सालेसला, दुसऱ्यानं तेवढ्याच गुणांनी एस्त्रादाला, आणि तिसऱ्यानं 117-111 असा एस्त्रादाच्या बाजूनं कौल दिला. तो तिसरा आकडा मला आजही पटत नाही. त्या बारा फेऱ्यांत इतकं अंतर कुठेच नव्हतं.

तिसरी भेट 3 डिसेंबर 2022 ला अॅरिझोनातल्या ग्लेंडेलमध्ये झाली. एस्त्रादानं सुरुवात शांत डोक्यानं केली, लांबून मोजून मारत राहिला. गोन्सालेसला आत शिरायला अर्धी लढत लागली. मग पुन्हा तेच सुरू झालं, दोघांची कपाळं एकमेकांना लागलेली आणि हात खालून, बाजूनं, मधून चालू. एका परीक्षकानं 114-114 दिले, दुसऱ्यानं 115-113, तिसऱ्यानं 116-112, आणि एस्त्रादा जिंकला.

या दोघांकडे शेवटचं पाहू. 2012 ते 2022. 108 पाउंडांवर एक भेट, 115 वर दोन. प्रत्येक वेळी बाराच्या बारा फेऱ्या, प्रत्येक वेळी निर्णय परीक्षकांकडे. छत्तीस फेऱ्या, एकशे आठ मिनिटं, दहा वर्षांत पसरलेली. एकाला एक विजय, दुसऱ्याला दोन. त्यांच्या देशांच्या मध्ये दुसरे देश आहेत. या दोघांपैकी कोणी दुसऱ्याच्या घरी जेवायला गेला असेल की नाही, कोणास ठाऊक. पण एकाचा डावा खांदा हलला की पुढे काय येणार, थकल्यावर त्याचा कुठला हात आधी खाली येतो, कुठल्या बरगडीवर मारलं की तो श्वास धरून ठेवतो, हे दुसऱ्याला जितकं माहीत आहे तितकं पृथ्वीवर फार थोड्या माणसांना माहीत असेल. मुठी मांडीवर असतील तर आता उघडा. आणि तुमच्यासमोर वर्षानुवर्षं उभा राहिलेला, तुम्हाला कधी हरवलेला आणि कधी तुमच्याकडून हरलेला, तुम्हाला आतून बाहेरून ओळखणारा असा कोणी असेल, तर त्याच्याबरोबर हवा तेवढा वेळ बसा.